तुलना गट

चिठ्ठ्या साठ. तीस त्रिकोण, तीस गोल.
अंगणवाडीतल्या खिचडीच्या पातेल्यात
मी त्या ढवळल्या, मान दुसरीकडे करून.
सरांनी बजावलं होतं,
तुझी मर्जी त्यात उतरता कामा नये.

सोजरबाई गंभिरेला गोल निघाला,
तिच्या जावेला, प्रयागला, त्रिकोण.
त्रिकोण म्हणजे बारा आठवडे ज्वारी, दळून आम्ही देणार.
गोल म्हणजे राशनचा गहू, राशनचा तांदूळ,
चालू आहे ते चालू द्यायचं.
“म्हंजी मला काईच न्हाई?”
“दर सोमवारी बोट टोचू की तुमचं.”
ती हसली. वरचे दोन दात नव्हते.
“मंग मी तराजूतला धोंडा म्हना.”
मी लिहिलं : संमती आहे. अंगठा डावा.

कागदावर किती सरळ होतं,
एकच गोष्ट बदलायची
आणि बाकीची जागच्या जागी धरून ठेवायची :
वय, वजन, गोळ्या, झोप, हंड्याच्या खेपा,
लेकीच्या सासरहून येणारे फोन.
त्या शेवटच्याला रकाना नव्हता.

हाजराबीच्या गिरणीचे दगड
आधीचं दळण विसरत नाहीत.
आमच्या ज्वारीच्या अगोदर कुणाचा तरी गहू गेलेला असायचा,
म्हणून पहिलं दोन किलो पीठ बाजूला,
ते हाजराबीच्या कोंबड्यांना.
कोंबड्या कुठल्या गटात, हे कुणी विचारलं नाही.

सर म्हणाले, कुणाला काय मिळतंय
ते कुणालाच कळलं नाही तर उत्तम.
पण जिभेला पट्टी कशी बांधायची?
थापतानाच तळहाताला कळतं,
तव्यावर पडली की गल्लीला.

“काल काय काय खाल्लं?”
“एक भाकर, वरण,” प्रयाग म्हणायची.
“दोन पोळ्या, वरण,” सोजरबाई.
मी मोजून घ्यायचे, ग्रॅममध्ये.
एका सोमवारी प्रयागची नात बोलून गेली,
आजी अर्धी भाकर भिंतीवरून देती,
आन् तिकडून पोळी येती.
चाळीस वर्षं येती.
सरांच्या भाषेत याला सरमिसळ म्हणतात.
त्या दोघींच्या भाषेत याला नाव नाही.

सातव्या आठवड्यात येळवस आली.
आराखड्यात येळवस नव्हती,
तो पुण्यात लिहिलेला.
औशाकडची ती सगळी रानं माणसांनी भरली,
गावात कुत्री आणि कुलपं.
कडब्याच्या कोपीपुढं एकाच घोंगडीवर
त्रिकोण, गोल, पाहुणे, सालगडी.
भज्जीत किती भाज्या ते करणारीलाही सांगता येईना,
उंडे, खीर, आंबिलीचा बिंदगा,
आणि मी, हातात वजनकाटा.
सोजरबाईनं तांब्या पुढं केला,
“आदी पी. मंग मोज.”
प्यायले.
त्या दिवशी एकसष्टावी मी,
चिठ्ठी न काढलेली.

रात्री सर फोनवर म्हणाले,
त्या रकान्यात इतर दिवसांची सरासरी टाक.
पेन हातात होतं.
सरासरीला आंबिलीचा आंबूस वास कुठून आणू?
रकाना कोरा ठेवला,
शेऱ्यात एकच शब्द, येळवस.

बारा आठवडे संपले.
त्रिकोणांची साखर थोडी उतरली,
सोजरबाईची प्रयागहून जास्त.
भिंतीवरून आलेल्या अर्ध्या भाकरीनं?
की दर सोमवारी कुणी दारात बसून
काय खाल्लं विचारतंय, त्यानं?
हे वेगळं काढायचं तर
आणखी साठ बाया लागतील, आणखी एक गट,
ज्यांना कुणीच काही विचारणार नाही.
तसा गट गावात आधीपासून असेल.
मला तो शोधायचा नव्हता.

तेराव्या सोमवारी वजनकाटा परत न्यायला गेले.
सोजरबाईनं बोट पुढं केलं.
“संपलं, मावशी. पट्ट्याबी संपल्या.”
बोट तसंच.
मग मी उंबऱ्यावर टेकले, वही न काढता,
काल काय खाल्लं विचारलं.
ती परवापासून सांगायला लागली.